पेठेतला रस्ता खोदताय ना? मग लोकांना सांगताना या चुका टाळा

सोलापूरचा माणूस धूळ सहन करतो, मे महिन्यातलं ऊन सहन करतो, ड्रेनेजसाठी एकदा, केबलसाठी एकदा आणि मग परत पाण्याच्या लाईनसाठी एकदा खोदलेला रस्ता पण सहन करतो. डोकं फिरतं ते सकाळी गाडीला किक मारून गल्लीच्या तोंडाशी आल्यावर समोर जेसीबी दिसतो आणि कोणी काही सांगितलेलंच नसतं तेव्हा. भांडणं खड्ड्यावरून कमी आणि "आधी सांगायला काय झालं होतं बे" यावरून जास्त होतात.

हे लिहितोय ते दुकानदार संघटनेतले लोक, गल्लीतले कार्यकर्ते, माजी आणि भावी नगरसेवक, आणि साईटवर दिवसभर उभा राहून शिव्या खाणारा तो तरुण इंजिनियर, या सगळ्यांसाठी. समजा मधला मारुती, चाटी गल्ली, टिळक चौक, नवी पेठ असा भर बाजारातला एखादा रस्ता उकरून काँक्रीटचा करायचाय. काम कसं करायचं ते इंजिनियर बघतील, लोकांना कळवताना जे चुकतं त्याबद्दल बोलू.

प्रकल्पाची माहिती देता, उद्याची देत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. कोपऱ्यावर फ्लेक्स लागतो, त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि वर हात जोडलेले आठ-दहा फोटो. रक्कम आणि मुदत लिहायलाच हवी, तो लोकांचा हक्क आहे, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये तर लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा असंच म्हटलंय. पण साडीच्या दुकानवाल्याला रकमेशी काय करायचंय, त्याला विचारायचंय की उद्या मालाचा टेम्पो दारापर्यंत येईल का हमाल लावावे लागतील. वरच्या मजल्यावरच्या आजींना विचारायचंय की उद्या डायलिसिसला जायचंय तर रिक्षा कुठं थांबेल.

म्हणून रोज संध्याकाळी सातच्या आत एक मेसेज, फक्त उद्याचा. असा:

"उद्या मंगळवार. मधल्या मारुतीकडून येताना डाव्या बाजूला खोदाई. सकाळी 8 ते संध्याकाळी 6 त्या बाजूच्या गाड्या निघणार नाहीत, आज रात्रीच बाहेर काढून ठेवा. पायी जायला फळ्या टाकल्यात. पाणी ठरल्या वेळीच सुटेल. अडचण आली तर साईटवरच्या माणसाला फोन करा, नंबर खाली आहे."

एवढंच बास. "सर्व संबंधित नागरिकांना या जाहीर प्रकटनाद्वारे कळविण्यात येते की" असं सुरू केलं की माणूस तिथंच वाचायचं सोडतो, आणि खरी गोष्ट पाचव्या ओळीत असते. उद्या काम बंद असेल तरी मेसेज टाका, "उद्या काम नाही, रस्ता आहे तसाच राहील" म्हणून, कारण एक दिवस मेसेज आला नाही की लोक धरून चालतात की आता हे पण थांबलं आणि मग वाचायचीच सवय जाते.

पाण्याचा दिवस न बघता खोदणं

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळणार नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी सुटायचंय त्या दिवशी घरातलं एक माणूस बाकी सगळी कामं सोडून बसतं. आता त्याच सकाळी जेसीबीच्या बकेटनं घराची सर्व्हिस लाईन तुटली तर नुसते दोन तास नाही जात, सरळ पुढची पाळी येईपर्यंतचं पाणी जातं. आणि जुन्या पेठांत या लाईनी कुठून कशा गेल्यात याचा नकाशा कागदावर असला तरी जमिनीखाली तसंच असेल याची खात्री नाही, अर्धी माहिती जुन्या प्लंबरच्या डोक्यात असते, त्याला आधी बोलवा आणि विचारा.

तर खोदाईचं वेळापत्रक आणि पाण्याचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. पाणी सुटायच्या दिवशी त्या पट्ट्यात खोदायचंच नाही असं ठरलं असेल तर ते लोकांना सांगा पण, निम्मं टेन्शन तिथंच जातं. आणि लाईन तुटलीच तर? मेसेज तुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आत गेला पाहिजे, "लाईन तुटली आहे, प्लंबर आलाय, जोडणी झाली की सांगतो, पाणी गेलं तर टँकर अमुक ठिकाणी उभा राहील". टँकरचं आधी पक्कं झालं असेल तरच लिहा, नाहीतर घागरी घेऊन बायका उभ्या राहतात आणि टँकर येत नाही, मग तुम्ही त्या गल्लीत तोंड दाखवू शकत नाही.

फक्त मराठीत, आणि फक्त लेखी

सोलापुरात राहून ही चूक कशी होते तेच कळत नाही. पूर्व भागात घराघरात तेलुगू, शहरात सगळीकडं कन्नड, विजापूर वेशीकडं दखनी उर्दू. मराठी सगळ्यांना येते हो, पण बाजारापुरती येणं वेगळं आणि "वाहतूक पर्यायी मार्गाने वळविण्यात आली आहे" हे समजणं वेगळं. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांनी तुमचा पीडीएफ उघडून वाचावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

मोबाईलवर भाषांतर करून चार भाषांतले फ्लेक्स छापू नका, त्यात असं काही छापून येतं की लोक महिनाभर हसतात. त्यापेक्षा गल्लीतल्याच कुणाला तरी, शक्यतो बाईमाणसाला, मेसेज समजावून सांगा आणि तिला तिच्या भाषेत अर्ध्या मिनिटाचा व्हॉईस मेसेज बोलायला लावा. वाचून नको, सांगितल्यासारखं. तोच व्हॉईस घंटागाडीच्या स्पीकरवर लावता आला तर त्याच्यासारखं काही नाही, कारण घंटागाडी दारात येते तेव्हा घरातलं कोणीतरी बाहेर येतंच. विडी कारखान्यात विड्या द्यायला जाणाऱ्या बायका, रिक्षा स्टँडवरचे अण्णा लोक, दूधवाला, पेपरवाला, हे व्हॉट्सअपपेक्षा फास्ट आहेत. स्टँडवरच्या दोन रिक्षावाल्यांना रोज संध्याकाळी उद्याचा रस्ता सांगून ठेवला तरी दिवसभर येणाऱ्या पॅसेंजरना आपोआप कळतं.

"रस्ता बंद" लिहून बाजारच बंद करून टाकणं

दुकानदारांचं खरं नुकसान इथं होतं. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडून लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात, पूर्ण गाडी भरून, सोबत आत्या-मामी. त्यांना चौकात लाल अक्षरात "रस्ता बंद" दिसलं की ते म्हणतात चला दुसरीकडं, आणि एकदा गेलेला बस्ता परत येत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात काय हवं, "सगळी दुकानं चालू आहेत", त्याखाली "गाडी अमुक ठिकाणी लावा, पायी तीन मिनिटं" आणि बाण. बाण कुठं लावायचा हे पण बघा, खड्ड्याजवळ लावून उपयोग नाही, एक चौक आधी लावायचा, जिथून गाडी वळवता येते. आणि लग्नसराई चालू असताना दुकानदारांनी आपल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना स्वतःच मेसेज टाकावा, सगळं संघटनेवर नाही ढकलायचं.

फेरीवाल्यांना तर सगळेच विसरतात. हातगाडीवाल्याचं दुकान म्हणजे ती जागाच. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट आहे की प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला त्याच्या जागेवरून हलवायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आदल्या रात्री "उद्यापासून इथं लावू नको" म्हणणं ही माहिती देणं होत नाही, धमकी होते. प्रमाणपत्र नसलेल्याला पण आधी सांगितलं तर तो बिचारा दुसरी जागा शोधेल तरी.

रस्ता तयार दिसतोय तरी बॅरिकेड का, हे न सांगणं

यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त अफवा इथं जन्मतात. काँक्रीट ओतल्यावर दोन दिवसांत ते दगडासारखं दिसायला लागतं आणि लोक म्हणतात, "झालाय की रस्ता, उद्घाटनासाठी अडवून ठेवलाय". काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याची रिॲक्शन होऊन घट्ट होतं, आणि ती हळूहळू चालते, म्हणून तर त्याची ताकद 28 दिवसांच्या हिशोबानं मोजतात. सुरुवातीचे साधारण दोन आठवडे ते ओलं ठेवावं लागतं, म्हणून गोणपाट टाकतात नाहीतर छोटे वाफे करून पाणी साठवतात. आपल्याकडच्या उन्हात तर पाणी हटलं की वरचा थर लगेच सुकतो, बारीक चिरा पडतात आणि पुढं त्यातूनच रस्ता सोलायला लागतो. आणि नळाला पाणी नसताना रस्त्यावर पाणी ओतताना बघून लोकांचं डोकं फिरणारच, त्यामुळं ते पाणी कुठून आणलंय, टँकरचं आहे का बोअरचं, तेही बोर्डावर लिहा.

त्यात रात्रीचा एक त्रास असतो, तो कोणी आधी सांगत नाही. ओतल्यानंतर काही तासांनी, जास्तीत जास्त एका दिवसात, स्लॅबवर कटरनं आडव्या खाचा माराव्या लागतात. आकसताना काँक्रीट तडकणारच, तर ते आपण ठरवलेल्या रेषेवर तडकावं म्हणून. उशीर झाला तर ते कुठंही तडकतं, त्यामुळं रात्री अकराला पण मशीन चालवावंच लागतं, आणि आवाज कानठळ्या बसवणारा. "आज रात्री कटिंग आहे, दोनेक तास आवाज येईल, झालं की शांत" एवढा मेसेज संध्याकाळी गेला तर कोणी खाली येऊन भांडत नाही. बारावीच्या परीक्षा चालू असतील तर सकाळी लवकर ओता म्हणजे कटिंग रात्री उशिरावर येणार नाही, हे इंजिनियरला आधी विचारून बघा.

अजून एक, लेव्हल. जुना रस्ता न खरवडता वर काँक्रीट चढवलं की दुकानाची पायरी खाली जाते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दुकानातल्या पैशाच्या गल्ल्यापर्यंत. नकाशात दाखवून कोणाला कळत नाही हो, ओतायच्या आधी प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर तयार रस्त्याची उंची रंगाच्या रेघेनं मारून दाखवा. रेघ बघितली की माणूस स्वतःच विचारतो, पाणी कुठं जाणार? तेव्हा विचारलेलं बरं, नंतर चेंबर फोडण्यापेक्षा.

कॅलेंडर न बघणं

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात, शहरभरच्या 68 लिंगांना जातात, त्या वाटेवर कुठं चर उघडा राहून चालणारच नाही आणि होम मैदानाकडं जाणारी गर्दी वेगळीच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ. रमजानमध्ये विजापूर वेशीचा मीना बाजार. 14 एप्रिल, गणपती, नवरात्र. हे सगळं डिसेंबरात अचानक येतंय असं वागू नका, काम सुरू होतानाच मानकरी, पंच, मंडळं यांच्यासोबत बसून कुठला तुकडा कधी मोकळा हवा ते लिहून घ्या आणि ते सगळ्यांना दाखवा.

आता बिघडलंच असेल तर

ग्रुपवर गोंधळ झालाय, दोनशे मेसेज, त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि मधेच कामाची सूचना. दोन ग्रुप करा, एकात फक्त ॲडमिन टाकणार, दुसऱ्यात काय भांडायचं ते भांडा. पहिल्यात चुकून पण अभिनंदनाचा मेसेज टाकायचा नाही.

जुना मेसेज परत फिरतोय. हे होणारच. म्हणून फोटो केला तर फोटोच्या आतच तारीख, वार आणि "हे मंगळवार संध्याकाळपर्यंतच" असं लिहा. नुसतं "उद्या" लिहिलेला मेसेज सहा महिने फिरतो, रोज उद्याच.

तारीख हुकली. हुकण्याच्या आधी सांगा, नंतर नाही. कारण खरं सांगा, खाली जुनी केबल सापडली असेल तर तसं लिहा, सोबत तिचा फोटो टाका. नवीन तारीख एकच न देता "शुक्रवार ते रविवार" अशी द्या, आणि परत हुकली तर परत सांगा, लाजू नका.

लोक बॅरिकेड सरकवून जातायत. प्रत्येक वेळी लोकच बेशिस्त असतात असं नाही, बहुतेक वेळा पायी जायला जागाच ठेवलेली नसते नाहीतर फिरून जायचा रस्ता कुठून ते लिहिलेलं नसतं. एकदा स्वतः शाळेच्या वेळेला त्या कोपऱ्यावर उभं राहून बघा.

दिलेला फोन कोणी उचलत नाही. मग नंबर काढून टाका, खरंच. दोन नंबर हवेत, एक दिवसाचा एक रात्रीचा, आणि उचलणाऱ्याला उद्याचं काम माहिती पाहिजे. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणणारा नंबर असण्यापेक्षा नसलेला बरा.

ॲम्ब्युलन्सचं सगळ्या घरांना आधी समजावून ठेवा. 108 ला फोन केला की नुसता पत्ता सांगून भागत नाही, आज गल्लीचं कुठलं तोंड उघडं आहे तेही सांगायचं, आणि एकानं तिथं जाऊन उभं राहायचं. रोजच्या मेसेजची शेवटची ओळ म्हणून "आज गाडी टिळक चौकाकडून आत येते" एवढं लिहीत जा.

काम संपल्यावर ग्रुप लगेच बंद करू नका. पहिला मोठा पाऊस होऊ दे, कुठं पाणी तुंबतं, कुठलं चेंबर खाली बसलं, कुठल्या घराचं कनेक्शन जोडायचं राहिलं हे तेव्हाच कळतं, आणि ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं आहे ते वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकून ठेवा.