लॅपटॉपचं सामान डेस्कटॉपला कसं वापराल?

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा लॅपटॉप जिन्यावरून पडला. स्क्रीन तडकली, बिजागर उखडलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुरुस्तीचा आकडा ऐकून तसाच घरी आणला. "मामा, ह्यातलं सामान तुमच्या पीसीत टाकूया की!" म्हणाला.

थांबा. आधी तो एचडीएमआय केबलने टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडून बघा. चित्र आलं आणि मशीन नीट चाललं, तर उघडूच नका. बाहेरून कीबोर्ड-माउस लावा, झाला डेस्कटॉप. आमचा दहा मिनिटांत बंद पडायचा, म्हणून पाना घेतला.

चालू आहे तोवर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं सांकेतिक कुलूप) बंद करून ते पूर्ण होऊ द्या. हे राहिलं, तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. फोटो-फाइल्सची कॉपीही आत्ताच घ्या.

मग मशीन बंद करून चार्जर काढा. खालचे स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, नाहीतर शेवटी दोन उरतातच. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीची पिन सोडवा.

रॅमचा नाद सोडा. दोन्हीकडे डीडीआर-४ (रॅमचा एक प्रकार) लिहिलेलं असलं तरी लॅपटॉपची पट्टी साधारण सात सेंटिमीटरची, २६० पिनांची. डेस्कटॉपची तेरा सेंटिमीटरच्या वर, २८८ पिनांची. हातात शेजारी धरली की लगेच कळतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप तर आजकाल बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते.

खरा माल म्हणजे डिस्क. अडीच इंची साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) डिस्क असेल, तर डेस्कटॉपची डेटा केबल आणि पॉवर केबल तिला जशीच्या तशी बसते. खाचेचा आकार इंग्रजी एलसारखा, उलटी जातच नाही. एसएसडी असेल तर आत फिरणारं काही नसतं, कॅबिनेटला दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते. उलटं मात्र जमत नाही: डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, आणि लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसते.

भाच्याची निघाली एम-डॉट-टू, म्हणजे थेट बोर्डात बसणारी एसएसडी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. ही लावण्याआधी पीसीच्या मदरबोर्डवर तसा स्लॉट आहे का, आणि तो एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी) घेतो का, हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. काही स्लॉट फक्त साटावाले असतात. पीसीची वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल. पट्टी तिरकी आत सरकवा, हलकेच खाली दाबा, शेवटचा बारीक स्क्रू लावा. तो आमचा पडला थेट पॉवर सप्लायच्या फटीत. अर्धा तास कॅबिनेट उलटंपालटं करत होतो.

पीसी सुरू झाल्यावर जुनंच विंडोज उघडतंय ना, एवढं बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) बूटच्या क्रमात, म्हणजे कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या यादीत, तपासा. नवी डिस्क 'धिस पीसी'त वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसेल.

रॅम गेली भाच्याच्या मित्राच्या लॅपटॉपला, दोन प्लेट मिसळीच्या बदल्यात.