ऑइलचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो? या चुका टाळा

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की बहुतेक जण अर्धा लिटर ऑइल ओततात. दिवा विझतो. आठवड्याभरात परत लागतो, मग कोणीतरी ऑइलच्या प्रेशरनुसार हा दिवा लावणारा स्विच बदलायला सांगतं. तोही बदलून होतो आणि पंधरा दिवसांनी चढावर, सिग्नलला किंवा वळणावर तो दिवा पुन्हा लुकलुकतो. दिवा वारंवार लागत असेल, तर कुठलाही पार्ट बदलण्याआधी गेज (प्रेशर मोजणारं मीटर) लावून ऑइलचं प्रेशर मोजून घ्या, हे मी कळकळीने सांगतो. अंदाजाने केलेल्या दुरुस्तीत पैसे जातातच, शिवाय मधल्या काळात इंजिन झिजत राहतं.

पण त्याआधीची चूक जास्त घातक आहे. चालत्या गाडीत लाल दिवा लागून राहिला, तर गाडी लगेच सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेऊ’ हा विचार मनात आणू नका. क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा) आणि त्याला आधार देणारी बेअरिंग यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा ऑइलचा थर असतो. प्रेशर गेलं की तो तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात. गाडी टो करून न्या.

दिवा पातळी सांगत नाही

तेलाच्या झारीचं लाल चिन्ह प्रेशरचं असतं. काही गाड्यांत झारीखाली नागमोडी रेघ असलेला पिवळा दिवा वेगळा असतो, तो पातळीचा. साध्या गाड्यांतला प्रेशर स्विच ऑइलचं प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या (बार हे प्रेशरचं एकक) खाली गेल्यावरच दिवा लावतो. धावणाऱ्या इंजिनात प्रेशर त्याच्या कितीतरी पट असायला हवं. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बरंच काही आधीच बिघडलेलं असतं.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, पाहतानाही घाई होते. गाडी सपाट जागेवर उभी करा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काडी पुसा, पूर्ण आत घाला आणि मग वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुधा सुमारे एक लिटरचं अंतर असतं, म्हणून थोडं थोडं ओतून परत पाहा. वरच्या खुणेच्या बरंच वर भरलं तर फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. न भरताच पातळी वाढत असेल किंवा काडीला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये इंधन मिसळतंय. असं पातळ झालेलं ऑइल बदलावंच लागतं.

दिवा नेमका कधी लागतो?

मेकॅनिकला सांगण्यासारखी सगळ्यांत उपयोगी माहिती हीच, आणि नेमकी हीच कोणी लिहून ठेवत नाही. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर क्षणभर लागत असेल, तर ऑइल कमी आहे. ते एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. अशा वेळी ओतून मोकळं होऊ नका, ऑइल जातं कुठे ते शोधा. गाडीखाली डाग, इंजिनावर ओल, सायलेन्सरमधून निळसर धूर यांपैकी काहीतरी सापडेल.

इंजिन चांगलं तापल्यावर फक्त आयडलिंगला लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो? चुकीच्या ग्रेडचं पातळ ऑइल, झिजलेली बेअरिंग, दमलेला पंप किंवा बिघडलेला स्विच, यांपैकी काहीही असू शकतं. इथे जाड ग्रेडचं ऑइल घालून दिवा घालवण्याचा सल्ला हमखास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. दिवा जातो, पण झीज तिथेच राहते आणि थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं.

लांब पल्ल्याला, वेगात असताना लागत असेल तर चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या, पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर संशय घ्या. जुन्या ऑइलचा गाळ, सीलंटचे तुकडे, काही इंजिनांत ऑइलमध्येच फिरणाऱ्या टायमिंग बेल्टचा भुगा, हे सगळं जाळीत अडकतं. अशा इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) ओतणं धोक्याचं, कारण सुटलेला गाळ थेट जाळीवर येऊन बसतो. चेंबर खाली उतरवून जाळी धुणं हाच खरा उपाय. चेंबर दगडावर आपटून आत दबला असेल, तरी जाळीचं तोंड अडतं.

ऑइल बदलल्यावर लगेच दिवा आला, तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाच्या ब्लॉकला, फिल्टर बसतो तिथे, चिकटून राहिलं नाही ना ते पाहा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल जोरात बाहेर फेकलं जातं.

स्विच बदलण्याआधी

इंजिन बंद ठेवून चावी ऑन केल्यावर दिवा लागायलाच हवा. लागत नसेल तर खरं संकट आल्यावरही तो लागणार नाही. एका वायरच्या साध्या स्विचचं कनेक्टर काढल्यावर दिवा विझला पाहिजे. तसाच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. नव्या गाड्यांत हे काम ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) करतो, तिथे मॅन्युअलप्रमाणेच तपासा. कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं, तर स्विच आतून गळतोय.

मग गेज. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचं, इंजिन पूर्ण तापू द्यायचं, आयडलला आणि 2000 आरपीएमला आकडा घ्यायचा आणि मॅन्युअलशी ताडून पाहायचा. आकडा बरोबर असेल तरच स्विच किंवा वायरिंगवर खर्च करा. कमी असेल तर आधी जाळी, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) आणि पंप, शेवटी बेअरिंग. काढलेला फिल्टर कापून बघायला सांगा. कागदाच्या घड्यांत तांबूस किंवा चकाकणारे कण दिसले, तर बेअरिंग जायला लागली आहेत.

गेजचे दोन्ही आकडे तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. दुरुस्तीनंतर पुन्हा तसेच मोजून घ्या आणि पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला डिपस्टिक पाहा.