मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर ओळखणाऱ्या चाचण्या: निवड, नमुना आणि अहवाल

शौचावाटे रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललेली असेल, वजन घटत असेल किंवा कारण न कळता हिमोग्लोबिन उतरले असेल, तर पुढे दिलेल्या कोणत्याही चाचणीत वेळ न घालवता थेट पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे आणि कोलोनोस्कोपीविषयी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीविषयी, विचारावे. रक्त दिसले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहण्याची आपल्याकडची सवय अतिशय घातक आहे. या चाचण्या कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तींसाठी आहेत. अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तींनी वयाच्या ४५व्या वर्षी तपासणी सुरू करावी, अशी शिफारस आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते, आतड्याची नाही. त्यामुळे हा विषय डॉक्टरांकडे आपणच काढावा लागतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर शौचाच्या चाचणीवर विसंबू नये. अशांना सहसा ४०व्या वर्षी, किंवा नातेवाइकाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचवली जाते.

चाचणी निवडण्याआधी ती नेमके काय शोधते, हे समजून घ्यावे. आतड्याच्या अस्तरावरील पॉलिपचा (सुरुवातीला कर्करोग नसलेल्या लहान गाठीचा) कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. या काळात एपीसी, केरास, टीपी५३ अशा जनुकांत बिघाड साठत जातात, तर काही जनुकांवर मेथिल गट चिकटून ती निष्क्रिय होतात. अशा गाठीच्या पृष्ठभागावरून पेशी सतत झडतात, शिवाय तो नाजूक असल्याने थोडेथोडे रक्तही झिरपते. म्हणून शौचात दोन खुणा सापडू शकतात: डोळ्यांना न दिसणारे रक्त आणि बदललेला डीएनए.

फिट (एफआयटी) ही शौचाची चाचणी प्रतिपिंडांच्या साहाय्याने केवळ मानवी हिमोग्लोबिन शोधते; त्यामुळे तिच्यासाठी आहाराचे पथ्य लागत नाही. ती दरवर्षी करावी लागते. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली कोलोगार्ड ही शौचातील डीएनए चाचणी हिमोग्लोबिनबरोबरच केरासमधील बदल आणि एनडीआरजी४ व बीएमपी३ या जनुकांवरील मेथिलेशन तपासते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार व्यक्तींच्या अभ्यासात ६५ जणांना कर्करोग आढळला. त्यांपैकी डीएनए चाचणीने ६० आणि फिटने ४८ जणांना हेरले. मात्र आतड्यात कर्करोग किंवा पुढच्या टप्प्याचा पॉलिप नसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे १३ जणांना डीएनए चाचणीने, तर पाच जणांना फिटने विनाकारण धोक्याचा इशारा दिला. स्वस्त आणि सोपी फिट दरवर्षी न चुकता करणे हा बहुतेकांसाठी योग्य मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या शील्ड या रक्तचाचणीने मान्यतेआधीच्या अभ्यासात सुमारे ८३ टक्के कर्करोग ओळखले, पण पुढच्या टप्प्याचे पॉलिप जेमतेम १३ टक्केच. आणि पॉलिप वेळीच काढून कर्करोग टाळणे, हा तर या साऱ्या खटाटोपाचा मोठा लाभ आहे.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये अनेकदा असणारी सीईए ही रक्तातील एका प्रथिनाची चाचणी या कामाची नाही. सुरुवातीच्या कर्करोगात ती सर्रास नॉर्मल येते आणि धूम्रपान किंवा यकृताच्या आजारानेही वाढते. निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी मात्र ती उपयोगी आहे.

फिटचा नमुना घेताना शौच पाण्यात किंवा लघवीत मिसळू देऊ नये. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर कागद पसरून किंवा कोरड्या, स्वच्छ भांड्यात ते घ्यावे. बाटलीच्या झाकणाला खाचा असलेली एक काडी असते. तिचे टोक शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवावे, कारण रक्त सगळीकडे सारखे पसरलेले नसते. केवळ खाचा भरतील एवढेच घ्यावे. जास्त नमुना कोंबल्यास मोजमाप चुकते. काडी परत घालून झाकण घट्ट लावावे व तारीख लिहावी. उष्णतेत हिमोग्लोबिनचे विघटन होऊन रक्त असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बाटली गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये, लगेच पोहोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. मासिक पाळी चालू असताना नमुना घेऊ नये.

अहवालात अनेक ठिकाणी एक ग्रॅम शौचामागे २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही सीमा धरतात. निकाल पॉझिटिव्ह आला, तर ते कर्करोगाचे निदान नव्हे, पण कोलोनोस्कोपी करणे आवश्यक ठरते. बरेच जण अशा वेळी पुन्हा फिट करून ती निगेटिव्ह आली की निश्चिंत होतात. हे कदापि करू नये, कारण गाठीतून रक्त रोज झिरपतेच असे नाही. निकाल निगेटिव्ह असला, तरी नंतर लक्षणे दिसल्यास पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.

कोलोनोस्कोपीत पॉलिप काढला गेल्यास बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा, कारण पुढची तपासणी केव्हा करायची हे पॉलिपचा प्रकार, संख्या आणि आकार यांवर ठरते. दुर्दैवाने कर्करोग निघाला, तर गाठीची एमएमआर प्रथिनांची (डीएनएमधील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. त्यांपैकी एखादे प्रथिन आढळले नाही, तर पुढील तपासण्यांतून लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष उघड होऊ शकतो, आणि तसे झाल्यास भावंडांची व सज्ञान मुलांची जनुकीय तपासणी करून घेता येते.