वस्तू तरंगेल की बुडेल, हे घरच्या वजनकाट्यावर कसे तपासावे

जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, हा समज पुरेसा नाही. हजारो टनांचे पोलादी जहाज तरंगते आणि ग्रॅमभरही वजन नसलेली टाचणी तळाला जाते. वस्तू स्वतः किती जड आहे यापेक्षा, ती जेवढे पाणी बाजूला सारू शकते त्याच्या तुलनेत किती जड आहे, हे महत्त्वाचे असते. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, दर सेंटिमीटरला सुमारे ९८ पास्कल. त्यामुळे बुडालेल्या वस्तूला खालून बसणारा रेटा वरून बसणाऱ्या रेट्यापेक्षा जास्त असतो आणि या फरकालाच प्लावक बल म्हणतात. हे बल विस्थापित, म्हणजे बाजूला सारलेल्या, द्रवाच्या वजनाइतके असते, असे आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात दाखवून दिले.

हे बल मोजण्यासाठी ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा, रुंद तोंडाचे भांडे, बारीक दोरा आणि मुठीत मावेल असा एखादा दगड पुरेसा आहे.

प्रथम दगड कोरडा असताना त्याचे वजन करून लिहून ठेवावे. समजा, ते १५६ ग्रॅम भरले. मग भांड्यात दगड पूर्ण बुडेल इतके पाणी घेऊन ते काट्यावर ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. आता दगड दोऱ्याने बांधून हळूहळू पाण्यात सोडावा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. टेकला तर दगडाचा काही भार थेट काट्यावर येतो आणि आकडा फसवा निघतो. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही दोरा हलवून घालवावेत.

दगडाचा भार दोरा पेलत असतानाही काटा, समजा, ६० ग्रॅम दाखवतो. पाणी दगडाला जितक्या जोराने वर ढकलते, तितक्याच जोराने दगड पाण्याला खाली ढकलतो, आणि काट्यावर दिसते ते हेच. याचा अर्थ ६० ग्रॅम पाणी विस्थापित झाले. एक घन सेंटिमीटर पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरत असल्याने दगडाचे आकारमान ६० घन सेंटिमीटर आणि घनता १५६ भागिले ६०, म्हणजे २.६ ठरते. उत्तर एकपेक्षा जास्त आले की भरीव वस्तू पाण्यात बुडणार. बुडालेला दगड आणखी थोडा खाली नेऊन पाहावा: आकडा बदलत नाही, कारण वरचा आणि खालचा दाब सारखाच वाढतो आणि त्यांतील फरक तेवढाच राहतो. मला या प्रयोगातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच वाटते.

तरंगणाऱ्या लाकडी ठोकळ्यासाठी पद्धत किंचित बदलते. तो नुसता तरंगत ठेवल्यास काटा त्याचे पूर्ण वजन दाखवतो; बारीक सुईने जेमतेम बुडेपर्यंत दाबल्यास त्याचे आकारमान कळते. पहिला आकडा दुसऱ्याने भागला की ठोकळ्याचा किती भाग पाण्याखाली राहतो ते मिळते. लाकूड पाणी शोषून घेते, म्हणून हे मोजमाप झटपट उरकावे.

आकाराचा परिणाम पाहायचा असेल, तर १०० ग्रॅम मातकामाच्या चिकणमातीचा गोळा पाण्यात सोडावा, तो बुडतो. त्याच मातीची पातळ, उंच काठांची वाटी मात्र काठावरून पाणी आत येण्यापूर्वी १०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारू शकली, तर तरंगते. पोलादी जहाज याच हिशोबावर चालते.

शेवटी पाण्यात भरपूर मीठ विरघळवून, काटा पुन्हा शून्यावर आणून, तोच दगड पुन्हा बुडवावा. काटा ६६ दाखवू लागला, तर दगडाचे आकारमान ६०च असल्यामुळे मिठाच्या पाण्याची घनता ६६ भागिले ६०, म्हणजे १.१ झाली आहे. साध्या पाण्यात बुडणारे ताजे अंडे अशा पाण्यात वर येते.