ओमिझुतोरीसाठी नाराला जाताना

जपानमधील नारा येथे तोदाइजी मंदिराच्या परिसरात निगात्सुदो म्हणजे ‘दुसऱ्या महिन्याचे मंदिर’ आहे. तिथे दरवर्षी १ ते १४ मार्च या काळात शुनिए हा विधी होतो आणि लोक त्याला ओमिझुतोरी, म्हणजे पाणी काढण्याचा विधी, या नावाने ओळखतात. तो पाहायला जायचे असेल तर आधी तारीख ठरवावी, कारण राहण्यापासून कपड्यांपर्यंत बाकी सगळे तिच्यावर अवलंबून असते. मंदिराच्या पायऱ्या चढून वर नेल्या जाणाऱ्या पेटत्या मशाली चौदाही रात्री निघतात. एरवी संध्याकाळी ७ वाजता एकामागून एक दहा मशाली निघतात आणि साधारण वीस मिनिटांत तो भाग संपतो. १२ तारखेला अकरा मोठ्या मशाली असतात, प्रत्येक सुमारे आठ मीटर लांब आणि साठ-सत्तर किलो वजनाची. त्या रात्रीची गर्दीही तितकीच मोठी असते. १४ तारखेला दहा मशाली सज्जावर एकाच वेळी ओळीने उभ्या केल्या जातात, पण ते दृश्य काही मिनिटांचेच असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिल्या आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळा आणि प्रवेशाचे निर्बंध मात्र त्या वर्षीच्या मंदिराच्या सूचनेवरूनच पक्के करावेत.

राहण्याची सोय शक्यतो नारामध्येच आणि काही महिने आधी करावी. क्योतोत उतरलेल्या माणसाला शेवटच्या गाडीची काळजी लागते आणि मशाली विझताच तो निघतो. खरा विधी तर तेव्हा सुरू होत असतो. मशाल ही मुळात भिक्षूला पायऱ्या चढताना दाखवलेला उजेड आहे. प्रत्येक मशालीमागून एक भिक्षू वर जातो; भिक्षू अकरा असले तरी एक जण तयारीसाठी आधीच वर गेलेला असतो, म्हणून एरवी मशाली दहा. हे अकरा जण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून वेगळ्या अग्नीवर शिजवलेले खाऊन कडक सोवळ्यात राहतात आणि विधीच्या दिवसांत दुपारी एकदाच जेवतात. इसवी सन ७५२ मध्ये जिच्चू या भिक्षूने सुरू केलेला हा विधी एकाही वर्षी खंडित झालेला नाही. १६६७ साली विधी चालू असतानाच निगात्सुदो जळाले, तरी त्या वर्षीचे राहिलेले दिवस शेजारच्या इमारतीत पूर्ण करण्यात आले.

म्हणून तयारी उजेडापेक्षा ऐकण्याची करावी. गाभाऱ्याभोवतीच्या बाहेरच्या खोल्यांत, जाळीपलीकडे, सर्वांना बसता येते; स्त्रियांना जाळीच्या आत प्रवेश नसतो, हे आधी माहीत असलेले बरे. तिथे अंधारात लाकडी पादत्राणांचा खडखडाट येतो, फळीवर अंग आपटून घातलेल्या दंडवताचा आवाज येतो आणि सर्वांच्या चुकांबद्दल अकरामुखी कान्नोनकडे क्षमा मागणारा जप चालतो. ‘नामु कानजिझाइ बोसात्सु’ हे शब्द लय वाढत जाते तसे ‘नामु कानजिझाइ’ आणि शेवटी नुसते ‘नामु कान’ होतात. ‘नामु’ म्हणजे आपले ‘नमो’ आणि कानजिझाइ म्हणजेच कान्नोन, आपला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. निगात्सुदोतली त्याची मुख्य मूर्ती कोणालाही दाखवली जात नाही, तेव्हा मराठी वाचकाने निघण्यापूर्वी एक सकाळ काढून कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर पाहून घ्यावा. यादीतली ही बाब मी सर्वांत आग्रहाने सांगेन.

मार्चच्या सुरुवातीला नारात रात्री कडाका असतो आणि जागा मिळवण्यासाठी मशालींच्या कितीतरी आधीपासून उघड्यावर उभे राहावे लागते. लोकरीचे कपडे, जाड मोजे, थरमॉसमध्ये गरम चहा एवढे सोबत हवेच. सज्जाखाली उभे राहायचे असेल तर वरचा कोट सुती किंवा लोकरी आणि जुना असावा. ठिणग्या अंगावर पडणे शुभ मानतात, त्यामुळे आजारपण टळते अशी श्रद्धा आहे. पण कृत्रिम धाग्याच्या जाकिटाला त्यांनी भोके पडतात. ट्रायपॉड घरीच ठेवावा आणि फ्लॅश बंद असल्याची खात्री गर्दीत शिरण्यापूर्वी करावी.

१२ तारीखच निवडली असेल, तर दुपारी झोप काढावी. पाणी काढले जाते ते मध्यरात्रीनंतर, १३ तारखेच्या पहाटे, मंदिराच्या पायथ्याशी असलेल्या वाकासा विहिरीतून. आख्यायिका अशी, की वाकासा प्रांताचा देव मासेमारीत गुंतून या विधीसाठी बोलावलेल्या देवांच्या सभेला उशिरा आला आणि भरपाई म्हणून त्याने पाणी देऊ केले. तेव्हा खडक फोडून एक काळा आणि एक पांढरा पाणकावळा बाहेर पडला व मागोमाग झरा वाहू लागला. आजही २ मार्चला त्याच वाकासातल्या ओबामा गावात नदीत पाणी सोडतात आणि ते दहा दिवसांनी नाराला पोहोचते असे मानतात. सवड असेल तर प्रवासाची सुरुवात ओबामापासून करावी.

खिशात कागदाचे एक रिकामे पाकीट ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी निगात्सुदोखाली मशालींतून गळालेली सुगी या जपानी सूचिपर्णी वृक्षाची अर्धवट जळलेली पाने सापडतात. तिथले लोक ती वेचून घरात जपून ठेवतात, आणि झाडलोट होण्यापूर्वी पोहोचलो तर आपल्यालाही मिळतात.