कॅनमधला पुदिना कुजायचा थांबला

आमच्या खानापूर भागात पाऊस लागला की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. परसात तेलाचे 5 लिटरचे रिकामे कॅन कापून पुदिना लावला होता. जुलैत सगळा कुजला, फार वाईट वाटलं. कॅन उपडा केला तर तळाशी पाणीच पाणी!

मग खिळा तापवून तळाला सहा-सात भोकं पाडली (हे उघड्यावरच करा, प्लॅस्टिकचा धूर वाईट). आत फुटक्या कौलांचे तुकडे, वर नारळाची शेंडी, मग माती, वाळू, शेणखत. कॅन दोन विटांवर ठेवले, नाहीतर भोकं चिखलानं बुजतात. आईनं जुन्या इरकली साडीचे काठ दोरीसारखे वळून त्यांनी दोन कॅन पडवीत टांगलेत. आता चटणीला पुरून शेजारच्या काकूंकडेही पुदिना जातो.