घड्याळावर ईसीजी घ्यायचा तर आधी झोपाळ्यावरून उठा

आईला धडधड व्हायची ती कधीही, आणि चिपळूणला डॉक्टरांसमोर बसेपर्यंत नाडी ताळ्यावर. वेळणेश्वराहून एसटीने जाऊन काढलेला ईसीजी दोन्ही वेळा नॉर्मल. धडधडीच्या त्या क्षणाचीच नोंद हवी होती, म्हणून ईसीजीचं घड्याळ घेतलं. तेव्हापासून आईच्या, काकांच्या, शेजाऱ्यांच्या ईसीजीच्या कितीतरी पट्ट्या, म्हणजे ३० सेकंदांच्या नोंदी, काढल्या.

घेताना एक बघा. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा फक्त कातडीखालचं रक्त कसं उसळतंय ते मोजतो. ईसीजीसाठी हृदयाची वीज दोन हातांमध्ये पकडावी लागते. त्यामुळे धातूचा एक स्पर्श मनगटाला आणि दुसरा समोरच्या हाताच्या बोटाला हवाच. बोट टेकवायची सोय नसलेलं घड्याळ पडद्यावर रेघ नाचवत असेल, तर तिला ईसीजी समजू नका.

ॲप चालू करा, वय आणि कोणतं मनगट ते भरा. हे पाच मिनिटांचं काम.

खरी अडचण स्वच्छ पट्टी मिळण्याची. आईची पहिली पट्टी मी ओटीवर, ती झोपाळ्यावर बसलेली असतानाच घेतली. रेघ सगळी काटेरी. हा हृदयाचाच आजार असं धरून आम्ही रात्र जागून काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, ‘हा हाताचा थरथराट आहे, हृदयाचा नाही.’ हृदयाची वीज मनगटापर्यंत पोचते ती जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास. झोपाळ्याची कडी धरलेल्या हाताचे स्नायू आवळले की त्यांची वीज तिच्यात मिसळते. म्हणून पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या, दोन्ही हात कोपरापासून टेबलावर सैल सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बसा. मग ३० सेकंद बोलायचं नाही. घरच्यांनीही ‘आता कसं वाटतंय?’ विचारायचं नाही.

‘बोट घट्ट दाबून धरा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. दाबलं की अख्खा हात ताठतो. बोट नुसतं टेकवा. त्या हाताची बाकीची बोटं घड्याळाच्या हाताला लागू देऊ नका, नाहीतर वीज जवळची वाट धरते आणि पट्टी फुकट जाते. आईची बोटं सुपारी सोलून सोलून राठ झालेली, तर्जनीने काही केल्या रेघ उमटेना. बोटाला पाण्याचा थेंब लावून पुसलं आणि मग मधलं बोट टेकवलं, तेव्हा जमलं. मनगटाचं मात्र उलट. वैशाखात घामाचं मीठ घड्याळाच्या पाठीवर वाळून बसतं. ते ओलसर मऊ फडक्याने पुसा, मनगट कोरडं करा, पट्टा एक भोक आवळा. पट्टी झाली की लगेच सैल करा, नाहीतर घामाने पुरळ उठतं.

काटेरी पट्टी आली तर टाकून द्या, पुन्हा घ्या. धडधड होत असताना दोन-तीन घ्या, आणि तेव्हा काय करत होतात ते लिहून ठेवा.

‘सायनस रिदम’, म्हणजे ठोके नेहमीच्या लयीत, असं आलं तर ते त्या ३० सेकंदांपुरतंच खरं. ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे ठोक्यांची लय बिघडलेली, असं आलं तर पट्टीची पीडीएफ डॉक्टरांना पाठवा. घड्याळाचा फोटो काढून पाठवू नका, त्यात बारीक लाटा वाचता येत नाहीत. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. निदान मात्र डॉक्टरच करतील, आणि शेजारच्यांच्या डब्यातली रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांनी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, सांगितला तर लावा. पण धडधड पंधरवड्यातून एकदाच होत असेल तर एका दिवसात ती सापडेलच असं नाही. तेव्हा जास्त दिवस छातीला चिकटून राहणाऱ्या पॅचबद्दल विचारा.

छातीत दाब आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर पट्टी काढत बसू नका. हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या वळणांच्या रस्त्यावर त्यातला बराच वेळ गाडीतच जातो. आधी १०८ ला फोन करा.